एकाच वाटेवरचे लहानथोर

जयपूरहून दिल्लीकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर उंटगाड्या, मालमोटारी आणि भरधाव मोटारी एकाच वेळी चाललेल्या दिसणे, हे एकेकाळी नित्याचे दृश्य होते. जो तो आपल्या चालीने मुक्कामी पोहोचे. तेथे धोका असे तो वेगाचा नव्हे, वेगांमधील अंतराचा. शहाण्या माणसाने असा धोका टाळावा. परंतु फ्रान्समधील ल मां या शहरी तो बुद्धिपुरस्सर पत्करून त्यावर एक शर्यत उभारण्यात आली.

ही चोवीस तासांची शर्यत २६ व २७ मे १९२३ रोजी सार्वजनिक रस्त्यांवर प्रथम भरली. जॉर्ज द्युरां, शार्ल फारू व एमिल कोकिय या तिच्या प्रवर्तकांना निव्वळ वेग मोजावयाचा नव्हता. रात्रभर दिवे टिकतात काय, पावसात यंत्र दगा देते काय, हे त्यांना पाहावयाचे होते. लागाश व लेओनार यांनी सर्वाधिक, म्हणजे सुमारे २,२०९ किलोमीटर अंतर काटले. तथापि त्या वर्षी अधिकृत विजेता असा कोणी नव्हताच. प्रत्येक गाडीला इंजिनाच्या आकारमानानुसार किमान अंतर नेमून दिलेले होते आणि ते पार करणे हीच कसोटी होती. कुस्तीत वजन पाहून जोड लावतात. येथे सर्वांना एकाच आखाड्यात सोडले आणि हिशेब तेवढा निराळा ठेवला. पुढे याच विचारातून कार्यक्षमतेच्या निर्देशांकाचे पारितोषिक निघाले. १९५० नंतरच्या काही वर्षांत, लिटरभराहूनही लहान अशा पानार इंजिनावर धावणाऱ्या गाड्यांनी ते वारंवार पटकावले. प्रेक्षकांचे डोळे मात्र जग्वार आणि फेरारीवरच खिळलेले असत, हे सांगावयास नकोच.

या योजनेची दुसरी बाजू ११ जून १९५५ रोजी उघडी पडली. सायंकाळी साडेसहाच्या सुमारास माइक हॉथॉर्नच्या जग्वारने लान्स मॅकलिनच्या संथ ऑस्टिन-हीलीला मागे टाकले आणि लागलीच दुरुस्तीतळावर थांबण्यासाठी ब्रेक लावले. मॅकलिन डावीकडे वळला. मागून अतिवेगाने येणाऱ्या पिएर लव्हेगच्या मर्सिडीजला आवरण्यास अवधीच उरला नाही. हीलीच्या उतरत्या पाठीवर चढून ती उडाली आणि तिचे तुकडे प्रेक्षकांत घुसले. लव्हेगसह ऐंशीहून अधिक माणसे मरण पावली. शर्यत चालूच राहिली. मध्यरात्रीनंतर मर्सिडीजने आपल्या उरलेल्या गाड्या काढून घेतल्या आणि विजय हॉथॉर्न व आयव्हर बूब यांच्या जग्वारला मिळाला. चौकशीत चालकांपैकी कोणालाही दोषी धरण्यात आले नाही. ते योग्यच होते. १९२० नंतरच्या वेगांसाठी आखलेला तो अरुंद रस्ता, जेथे धावपट्टी आणि दुरुस्तीतळ यांच्यामध्ये भिंतसुद्धा नव्हती, तोच खरा आरोपी होता. १९५६च्या शर्यतीपूर्वी तळ पाडून नव्याने बांधले गेले आणि रस्ता रुंदावला. स्वित्झर्लंडने तर आपल्या भूमीवर अशा शर्यतींना बंदीच घातली.

संमिश्र गाड्यांची प्रथा मात्र कोणी मोडली नाही. वर्गांची नावे व नियम वेळोवेळी पालटले, पण संथ गाडीने आपली रेषा सोडू नये आणि वेगवान गाडीने स्वतःची वाट शोधावी, हा संकेत टिकून राहिला. २०१२ मध्ये करुण चंधोक या भारतीय चालकाने डेव्हिड ब्रॅबम व पीटर डम्ब्रेक यांच्यासह येथे एकंदरीत सहावा क्रमांक मिळविला. त्याच शर्यतीत अँथनी डेव्हिडसनची टोयोटा खालच्या वर्गातील एका फेरारीला मागे टाकीत असताना दोन्ही गाड्या एकमेकींस भिडल्या. टोयोटा हवेत उलटली आणि डेव्हिडसनच्या पाठीचे दोन मणके मोडले.