गिटार पेडलमधील ‘टक्’ आवाज

पुण्यात तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून घरीच गिटारचे इफेक्ट पेडल जोडणाऱ्यांना एक अडचण हमखास भेडसावते. पायाने स्विच दाबताच ध्वनिवर्धकातून ‘टक्’ असा मोठा आवाज उमटतो. दोष स्विचला दिला जातो आणि तो विनाकारण बदलला जातो.

कारण बहुधा वेगळे असते. ९ व्होल्टच्या पेडलमधील स्थिर विद्युतदाब बाहेर जाऊ नये म्हणून दोन्ही टोकांना कपॅसिटर असतात. त्यांतून किंचित गळती होतेच. ट्रू बायपास स्विचमुळे पेडल वेगळे पडले, की कपॅसिटरच्या मोकळ्या टोकावर दाब साचतो. स्विच पुन्हा दाबताच तो एकदम उतरतो आणि आवाज होतो.

प्रत्येक कपॅसिटरचे बाहेरचे टोक १ मेगाओहमच्या रेझिस्टरने ग्राउंडला जोडल्यास दाब साचत नाही. तेथे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर असल्यास शक्यतो फिल्म कपॅसिटर वापरावा. त्याची गळती अत्यल्प असते.

स्विच लागोपाठ दाबल्यावर आवाज कमी होत गेला, तर दोष या गळतीचा समजावा. तो तसाच राहिल्यास एलईडी दिवा तपासावा. पेटताना तो एकाएकी वीज ओढतो. त्याचा रेझिस्टर वाढवावा आणि त्याच्या तारा ध्वनिसंकेताच्या तारांपासून दूर ठेवाव्यात.