घरगुती मत्स्यालयात जड दगड ठेवताना

मत्स्यालयातील दगडांची मांडणी अनेकदा केवळ सजावट समजली जाते. काही माशांना मात्र दगड ही निवाऱ्याची गरज असते. आफ्रिकेतील मलावी सरोवराच्या खडकाळ किनाऱ्यालगत राहणारे 'म्बुना' हे रंगीत सिक्लिड मासे भारतातील शौकीनही पाळतात. तेथील टोंगा भाषेत या शब्दाचा अर्थच खडकातला मासा असा होतो. कपारी नसल्यास हे मासे एकमेकांचा पाठलाग करून जखमा करतात. त्यामुळे त्यांच्या टाकीत पंचवीस-तीस किलो दगड असणे नवलाचे नाही. पण हा सारा भार काही मिलिमीटर जाडीच्या काचेवर असतो. तळाची काच तडकल्यास मासे तर जातातच, शिवाय शंभरावर लिटर पाणी घरात पसरते आणि पंप व हीटरच्या विजेच्या जोडण्याही तेथेच असतात.

एकूण वजनामुळे काच फुटते, असा सर्वसाधारण समज आहे. तो फारसा खरा नाही. ९० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ४५ उंच टाकीत सुमारे १२० लिटर, म्हणजे १२० किलो पाणी मावते. बेसॉल्ट, अर्थात काळा पाषाण, पाण्याच्या जवळजवळ तिप्पट जड असतो. असे ३० किलो दगड साधारण १० लिटर पाण्याची जागा घेतात. पाण्याची पातळी तीच ठेवली, तर स्टँडवर पडणारा जादा भार सुमारे २० किलोच असतो. मजबूत आणि समपातळीतील स्टँडला तो अवघड नाही.

खरा धोका भार एका बिंदूवर एकवटण्याचा असतो. खडबडीत दगड काचेला दोन-तीन टोकांवरच टेकतो आणि सगळे वजन त्या टोकांखाली उतरते. काच दाब चांगला सोसते, परंतु वाकताना निर्माण होणारा ताण तिला सोसवत नाही. बारीकसा ओरखडाही तडा जाण्यास पुरेसा ठरतो. वाळूतील गारेचा कण काचेपेक्षा कठीण असल्याने दगड आणि काच यांमध्ये अडकलेला कण हेच काम करतो. म्हणून तळावर प्रथम प्लास्टिकची जाळी किंवा पातळ पीव्हीसी पत्रा अंथरावा. थर्माकोल टाकीच्या आत घालू नये. तो वर तरंगतो. टाकीच्या बाहेर, स्टँड आणि काच यांमध्ये तो उपयोगी पडतो, पण टाकीचा तळ चौकटीवर अधांतरी बसवलेला असेल तर तेथेही नको.

यानंतरचा क्रम महत्त्वाचा आहे. जाळीवर आधी मोठे दगड त्यांच्या रुंद बाजूवर बसवावेत आणि मगच भोवती वाळू पसरावी. अनेक जण नेमके उलट करतात. सिक्लिड मासे तोंडाने वाळू उकरतात. वाळूवर ठेवलेल्या दगडाखालची जागा काही दिवसांत पोकळ होते आणि दगड कलंडून बाजूच्या काचेवर आदळतो. तळाखाली बसवायची गाळणी असेल तर तिच्या पत्र्यावर जड दगड ठेवू नयेत. त्यामुळे पाण्याचा प्रवाह अडतो आणि पत्राही मोडू शकतो.

एकावर एक रचायचे दगड आधी बाहेर जमिनीवर रचून पाहावेत. हाताने हलकेच ढकलल्यावर डगमगणारी रचना पाण्यात टिकणार नाही. जोड पक्का करण्यासाठी बुरशीनाशक नसलेले, मत्स्यालयासाठीचेच सिलिकॉन वापरावे आणि ते पूर्ण वाळू द्यावे. दगड काचेला टेकवू नयेत. काच पुसण्यासाठी दोन बोटांचे अंतर हवेच.

दगडाच्या जातीकडेही लक्ष द्यावे. शहाबादी फरशी, कोटा, कडप्पा हे चुनखडीचे प्रकार आहेत. कडप्पा काळा असल्याने अनेकदा पाषाणच समजला जातो. दगड थोडा खरवडून त्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाकावा. बुडबुडे आले, तर तो पाण्याची क्षारता वाढवणार. मलावीच्या माशांना ती मानवते, कारण तेथील पाण्याचा सामू ७.८ ते ८.६ असतो, ॲमेझॉन खोऱ्यातील निऑन टेट्रा किंवा डिस्कस यांना मात्र ती बाधते. धातूसारख्या चमकदार शिरा असलेले दगड टाळावेत. समुद्रातून काढलेले प्रवाळ तर नकोच. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये त्यांना संरक्षण आहे. स्वच्छतेसाठी दगड ब्रशने घासून त्यावर गरम पाणी ओतावे. दगड उकळू नयेत. आत अडकलेल्या ओलाव्याची वाफ होऊन ते फुटू शकतात.

मासे असलेल्या टाकीत दगड घालताना आधी हीटर आणि पंपाचे प्लग काढावेत. थोडे पाणी बादलीत काढून ठेवावे, अन्यथा ते काठावरून सांडते. दगड दोन्ही हातांनी धरून तळाला टेकेपर्यंत सोडू नये. ओला दगड निसटतो. मोठ्या दगडासाठी दुसरा माणूस सोबत असावा. दगडाखाली मासा नाही ना, हेही पाहावे. हीटर पुन्हा पूर्ण बुडाल्याखेरीज चालू करू नये. म्बुनांच्या टाकीत नवे मासे आणायचे असतील, तर हे काम त्याच दिवशी केलेले बरे. रचना बदलल्यावर जुन्या नरांनाही आपली कपार नव्याने शोधावी लागते आणि तेवढ्या अवधीत नवागतांना आडोसा मिळतो.