विषुववृत्तावरील दीक्षा

विषुववृत्त प्रथमच ओलांडणाऱ्या खलाशाला जहाजावर दीक्षा देण्याची युरोपीय चाल फार जुनी. एखादा मुरलेला खलाशी समुद्रदेव नेपच्यून होऊन न्यायनिवाडा करी. फेब्रुवारी १८३२ मध्ये ‘बीगल’वर तरुण डार्विनचे डोळे बांधले, तोंडाला डांबर व रंग फासून लोखंडी पट्टीने खरवडले आणि त्याला पाण्यात उलटे लोटले. कप्तानाच्या पंक्तीचा हा पाहुणाही सुटला नाही! आपले कोकणातले दर्यावर्दी नारळी पौर्णिमेला सागरास नारळ वाहतात; माणसाला बुडवीत नाहीत.

पृथ्वीप्रदक्षिणेत ही रेषा ओलांडावीच लागते. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून मुंबईहून निघाले, ते १९ मे २०१० रोजी प्रदक्षिणा पुरी करून परतले. त्या शिडाच्या नौकेवर नेपच्यून व्हायला दुसरे माणूसच नव्हते.