नंदनगरीच्या गोष्टी

लहानपणी गुरुवारी संध्याकाळी दादी मला नंदुरबारच्या इमाम बादशाहच्या टेकडीवर घेऊन जायची. फातेहा झाला, की ती पायरीवर बसून रेवड्या वाटायची आणि मग आम्हा पोरांना गोष्ट सांगायची. गोष्ट नेहमी तीच. या नगरीत नंद गवळी नावाचा राजा होता, त्याच्या गोठ्यांत इतकी जनावरे होती की दुधाचे ओढे वाहायचे. मग अजमेरचे ख्वाजा मुईनुद्दीन चिश्ती फौज घेऊन इकडे आले, त्यांच्यासोबत सय्यद अलाउद्दीन पीर होते. लढाई झाली आणि नगरी फत्ते झाली. "फत्ते झाली" म्हणताना दादीचा आवाज चढायचा. आम्हीही खूश व्हायचो. कशासाठी, ते मात्र कळत नव्हते.

पुढे मी शिक्षक झालो. एकदा शाळेत स्थानिक इतिहासाचा तास घेत असताना एका मुलाने हीच गोष्ट सांगितली. त्याला ती त्याच्या आजोबांनी सांगितली होती. राजा तोच, पीर तेच, लढाई तीच. फक्त "फत्ते झाली" ऐवजी "नगरी गेली" असा शेवट होता. सांगून झाल्यावर तो मागच्या बाकावरच्या मुस्लिम मुलाकडे पाहत म्हणाला, "सर, म्हणजे यांच्या लोकांनी आपलं गाव घेतलं ना?" वर्ग शांत झाला. मागच्या बाकावरच्या मुलाने मान खाली घातली. त्या दिवशी मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण घरी आल्यावर झोप लागली नाही. माझ्या दादीची आणि त्या मुलाच्या आजोबांची गोष्ट एकच होती. एकाने ती अभिमानाने जपली, दुसऱ्याने दुःखाने. आणि ती खरी आहे का, हे दोघांपैकी कोणीच विचारले नव्हते.

म्हणून मी विचारायला लागलो. ही कथा काही दादीने रचलेली नव्हती. इंग्रजांच्या गॅझेटियरमध्येही ती स्थानिक आख्यायिका म्हणून नोंदलेली आहे. पण आख्यायिकेला तारखा लावून पाहिल्या, की ती उभी राहत नाही. ख्वाजा मुईनुद्दीन चिश्ती यांचे अजमेरला निधन झाले ते १२३६ च्या सुमारास. दिल्लीची फौज दख्खनमध्ये पहिल्यांदा उतरली ती अलाउद्दीन खिलजीच्या देवगिरीवरील स्वारीत, १२९६ मध्ये. दोहोंत साठ वर्षांचे अंतर आहे. शिवाय ख्वाजासाहेब गरीबनवाज म्हणून ओळखले जातात. उपाशी माणसाला जेवू घालणे हीच त्यांची ओळख. अशा फकिराच्या हाती आपण तलवार कधी दिली आणि ती देताना आपल्याला लाज कशी वाटली नाही, हा प्रश्न आधी आपण मुसलमानांनी स्वतःला विचारायला हवा.

मग चिश्तींचे नाव या गोष्टीत आले कुठून? माझा तर्क असा आहे. खानदेशावर चिश्ती सिलसिल्याची दाट छाया होती, पण ती आली खुलदाबादेहून. तिथे १३३७ मध्ये वारलेले बुऱ्हानुद्दीन गरीब आणि त्यांच्यानंतरचे झैनुद्दीन शिराझी यांच्यावर खानदेशच्या फारुकी घराण्याची श्रद्धा होती. तापीकाठचे बुऱ्हानपूर आणि पलीकडच्या काठावरचे झैनाबाद ही गावे त्यांच्याच नावाने वसली. शतके लोटली, की लोकांच्या तोंडी सिलसिल्याचे नाव राहते आणि माणूस बदलतो. सगळ्यांत मोठा चिश्ती कोण, तर अजमेरचा. म्हणून गोष्टीत तोच आला असावा. हा तर्कच आहे, पुरावा नाही. तारखा मात्र तर्क नाहीत.

पुरावा हवा असेल तर तो एका प्रवाशाने ठेवला आहे. मोरोक्कोतल्या तंजा शहराचा इब्न बतूता १३४२ मध्ये महंमद तुघलकाचा वकील म्हणून चीनला निघाला. दिल्लीहून दौलताबाद, तिथून नंदुरबार, पुढे खंबायत असा त्याचा मार्ग होता. तो स्वतः दिल्लीत काझी होता, म्हणजे धर्मशास्त्र जाणणारा माणूस. तो लिहितो, की नंदुरबार हे मराठ्यांचे गाव आहे. इथले लोक कारागिरीत निपुण आहेत, वैद्य आहेत, ज्योतिषी आहेत. त्यांचे जेवण म्हणजे भात, भाजी आणि तिळाचे तेल. जिवाला इजा करणे त्यांना आवडत नाही. जेवणाआधी ते अंघोळ करतात, सात पिढ्यांच्या आतल्या नात्यात लग्न करत नाहीत आणि दारूला शिवत नाहीत.

दिल्लीचा अंमल या भागात येऊन तेव्हा एक पिढी उलटून गेली होती. तरीही वैद्य नाडी पाहत होता, ज्योतिषी कुंडली मांडत होता आणि तिळाच्या तेलाची फोडणी पूर्वीसारखीच पडत होती. बतूता हे सगळे कौतुकाने लिहितो. परक्या देशाच्या, परक्या धर्माच्या पाहुण्याने आपल्या गावाबद्दल काढलेले हे चार चांगले शब्द पावणेसातशे वर्षे टिकले आहेत. आमच्या टेकडीवर मात्र ते कोणी सांगत नाही.

नंदुरबारसाठी लढाया झाल्या नाहीत असे नाही, भरपूर झाल्या. पण त्या कोणाकोणात झाल्या? गुजरातचे सुलतान आणि खानदेशचे फारुकी यांच्यात. नंदुरबार आणि शहाद्याजवळचे सुलतानपूर हे दोन परगणे दोघांनाही हवे होते. दोन्हीकडे मुसलमान राजे, दोन्हीकडे त्यांचे हिंदू सरदार आणि शिपाई. यातली एक गोष्ट तर दादीला ठाऊक असती तर तिने रोज सांगितली असती. गुजरातचा शाहजादा महमूद आणि फारुकी घराण्यातला मुबारक हे दोघे असीरगडाच्या किल्ल्यात एकत्र कैदेत होते. कैदेत असताना महमूदाने वचन दिले, की मी कधी सुलतान झालो तर नंदुरबार तुला देईन. पुढे नशीब फिरले. १५३७ च्या सुमारास दोघेही आपापल्या गादीवर बसले, आणि महमूदाने दिलेला शब्द पाळला. नंदुरबार आणि सुलतानपूर खानदेशला मिळाले. दोन कैद्यांच्या गप्पांत एक अख्खे शहर देऊन टाकले गेले. शहरातल्या लोकांना मात्र कोणी विचारले नाही. राजांच्या गोष्टीत ते कधीच विचारले जात नाहीत.

त्या काळी नंदुरबार हे खरोखरच मोठे शहर होते. सुरतेहून बुऱ्हानपूरला आणि तिथून आग्र्याला जाणारा हमरस्ता नंदुरबारवरून जायचा. अकबराच्या काळात, आईन-ए-अकबरीत, नंदुरबार माळवा सुभ्यातले एक सरकार म्हणून येते आणि त्याचा महसूल पाच कोटी दामांवर दिला आहे. १६१० मध्ये इंग्रज व्यापारी विल्यम फिंच इथून गेला. त्याने किल्ला, सुंदर तलाव, गावाबाहेरच्या कबरी आणि विलासगृहे पाहिली. १६६६ मध्ये इंग्रजांनी इथे वखार घातली. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याच रस्त्याने गेला. नवापूरच्या तांदळावर तो इतका खूश झाला, की शिजल्यावर हा भात बर्फाहून पांढरा दिसतो, त्याला कस्तुरीचा वास येतो आणि इराणात कोणाला नजराणा द्यायचा तर या तांदळाची गोणी न्यावी, असे त्याने लिहून ठेवले.

असे वाचले की छाती फुगते. पण याच रस्त्यावरून नोव्हेंबर १६३० मध्ये पीटर मंडी हा आणखी एक इंग्रज गेला. तेव्हा गुजरात-खानदेशात मोठा दुष्काळ पडला होता. त्याने पाहिले ते रस्त्याच्या दोन्ही कडांना पडलेले मुडदे. सुरतेपासून नाकातून दुर्गंधी जात नव्हती, गावांजवळ तर फारच. त्या प्रेतांमध्ये कोण गवळी आणि कोण सय्यद हे ओळखू येत नव्हते. कस्तुरीच्या वासाचा तांदूळ आणि ही दुर्गंधी, दोन्ही एकाच रस्त्यावरची आहेत. गावाचे वैभव सांगणाऱ्याने दुसरी गोष्ट गाळली, तर पहिलीही अर्धीच राहते.

मला स्वतःला सगळ्यांत आवडते ती गोष्ट राजाची नाही आणि पिराचीही नाही. ती एका गवताची आहे. आपल्या डोंगरांत रोशा नावाचे सुगंधी गवत उगवते, कोणी त्याला तिखाडी म्हणतात. एकोणिसाव्या शतकात त्याचे तेल काढणे हा नंदुरबार परिसराचा नावाजलेला धंदा होता. पावसाळा सरता सरता गवत फुलावर आले, की भिल्ल ते कापून आणायचे. मुसलमान तेलवाले ते विकत घ्यायचे, नाल्याच्या काठी भट्टी लावायचे, कढईत गवत आणि पाणी भरून झाकण लिंपायचे. पोकळ बांबूच्या नळीतून वाफ दुसऱ्या भांड्यात जायची. ते भांडे वाहत्या पाण्यात ठेवलेले असायचे. वाफ थंड झाली, की पाण्यावर तेल तरंगायचे. ते चामड्याच्या बुधल्यांत भरून कोंडाईबारीच्या घाटाने सुरतेला किंवा धुळे-मनमाडमार्गे मुंबईला जायचे. तिथून जहाजाने अरबस्तानकडे आणि पुढे तुर्कस्तानला. तिथले व्यापारी हे तेल गुलाबाच्या अत्तरात मिसळायचे आणि ते अत्तर शुद्ध गुलाब म्हणून साऱ्या युरोपात विकायचे!

म्हणजे लंडन-पॅरिसच्या बायका ज्या गुलाबावर भुलत होत्या, त्यात आपल्या सातपुड्याचे गवत होते. भेसळ तुर्कांची, सुगंध आपला. गवत कापणारा भिल्ल, भट्टी लावणारा मुसलमान आणि बुधले वाहणारा बैल, या तिघांपैकी कोणाचेही नाव कुठल्या दरबारी तवारिखेत नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेल्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार दर दहांपैकी जवळपास सात माणसे आदिवासी आहेत. नंद गवळी आणि पीर यांच्या भांडणात त्यांना जागाच नाही. गाव कोणाचे, असा वाद घालायचा झाला तर आपल्या दोघांच्याही आधी कोणाला तरी विचारावे लागेल.

आणि गावाची लढाईच सांगायची असेल तर आपल्याकडे पक्क्या तारखेची लढाई आहे. ९ सप्टेंबर १९४२. छोडो भारतच्या मिरवणुकीत तिरंगा घेऊन निघालेला शिरीषकुमार मेहता पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला, तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. त्याच्यासोबत लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हेही गेले. त्यांच्या हुतात्मा स्मारकापाशी आजही माणूस क्षणभर थांबतो. या गोष्टीला कोणी रंग चढवण्याची गरज नाही. नावे आहेत, तारीख आहे, जागा आहे.

त्या वर्गातल्या प्रसंगानंतर दुसऱ्या आठवड्यात मी त्या मुलांना पुन्हा स्थानिक इतिहास शिकवला. फळ्यावर तीन आकडे लिहिले : १२३६, १२९६, १३४२. वजाबाकी त्यांनाच करायला लावली. ज्याने प्रश्न विचारला होता, तोच पहिल्यांदा म्हणाला, "सर, मग ते आले कसे? ते तर आधीच वारले होते." मागच्या बाकावरचा मुलगा हसला, आणि मग दोघेही हसले. त्यानंतर मी इब्न बतूताचे तिळाचे तेल सांगितले, रोशाचे तेल सांगितले. तास संपल्यावर चारपाच मुले रोशा गवत कुठे मिळते ते विचारायला आली. त्यांच्यात ते दोघेही होते.

दादीची गोष्ट मी टाकून दिलेली नाही. दुधाचे ओढे मला आजही दिसतात. आख्यायिका ही आजीच्या मांडीसारखी असते. तिथे डोके ठेवावे, पण तिच्या आधारावर शेजाऱ्याशी भांडू नये. माझ्या नातवंडांना मी ती सांगतो तेव्हा आधी म्हणतो, "ही गोष्ट आहे बरं का." मग नंद गवळी येतो, पीर येतात. शेवटी मी त्यांची लढाई लावत नाही. तारखेप्रमाणे ते कधी भेटलेच नव्हते. आणि गोष्टीत भेटवायचेच असतील, तर टेकडीच्या पायरीवर बसून दोघांनी दूध प्यायला काय हरकत आहे?