तिसरी जागा

गियरचा दांडा मुळात जमिनीतूनच उगवायचा. १९३०च्या दशकाअखेरीस अमेरिकन मोटारवाल्यांनी तो उचलून स्टिअरिंगखाली नेला. पुढच्या सलग सीटवर तिसरा माणूस मावावा म्हणून! कुर्ल्याच्या फियाटमध्येही तो तिथेच. ही फियाट १९७४ साली पद्मिनी झाली, दांडा हलला नाही. आमच्या पद्मिनीत ती तिसरी जागा आईची. पुढे दांड्याचे सांधे झिजले, दुसरा गियर रुसू लागला. मग मी मिस्त्रीकडून गियर खाली बसवून घेतला. सीट मात्र तीच ठेवली, खर्च वाचवायला. दांडा वाकवूनसुद्धा रिव्हर्स टाकताना आईचा गुडघा आडवा येई.

"हा पाहुणा किती दिवस राहणार रे?" गुडघा चोळत आईने विचारलं.

गियर आता लोण्यासारखे पडायचे. आई मागे बसायची.