पळसाच्या पानातली भाकर

पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत भाकर भाजायला पळसाचं पान लागतं. खालच्या पानावर पीठ थापायचं, वरून दुसरं पान झाकायचं आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून द्यायचं. हा आमचा पानगा. वऱ्हाडात आणि नागपूरकडे गव्हाचे रोडगे भाजतात, मारुतीला दाखवतात, वांग्याच्या भाजीबरोबर पंगतीला वाढतात. एकनाथांच्या भारुडामुळे रोडगा साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाला, पानगा मात्र जंगलातच राहिला. सिंदेवाहीपासून आरमोरीपर्यंत गहू पूर्वी सणालाच दिसायचा. इथलं अन्न म्हणजे भात. म्हणून आमच्या घरचा पानगा तांदळाचा.

हा भात आला कुठून, ते आबाजी, म्हणजे माझे आजोबा, सांगायचे. चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा, गोंड राजा हिरशहा यानं म्हणे दवंडी पिटवली होती की जो जंगल साफ करून तळं बांधेल, त्या तळ्यानं भिजणारी जमीन त्याची. लोकांनी माती वाहिली, बांधाच्या पाळी घातल्या आणि खाली धानाच्या बांध्या काढल्या. ही आख्यायिका जुन्या इंग्रजी कागदपत्रांतही उतरली आहे. पुढे भोसले आले, इंग्रज आले, तळी मालगुजारांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, नावावर चढली. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तळी सरकारजमा झाली आणि त्यांना 'मामा तलाव' म्हणजे माजी मालगुजारी तलाव हे नाव पडलं. आबाजी ते नाव कधी घेत नसत. त्यांच्यासाठी ते गावाचंच तळं होतं. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, लांबला की ते रोज संध्याकाळी पाळीवर जाऊन पाणी किती उरलं ते बघून येत, आणि त्यावरून आजी ठरवायची की कणगीतला, म्हणजे आमच्या ढोलीतला, तांदूळ सैल हातानं काढायचा की राखून.

पानग्याला जाड तांदूळ लागतो. बारीक तांदळाचं पीठ थापताना तडकतं. तरी गाजलेला एक बारीक तांदूळ आमच्याच भागातला. नागभीड तालुक्यात, नांदेड गावी, दादाजी खोब्रागडे नावाचे अल्पभूधारक शेतकरी होते. त्यांनी 1983 च्या सुमारास आपल्या बांधीतल्या 'पटेल 3' धानात काही वेगळ्या लोंब्या हेरल्या, त्यांचं बी वर्षानुवर्षं निवडून वाढवलं आणि बारीक, भरघोस पिकणारं वाण तयार केलं. व्यापाऱ्यानं त्याला त्या काळच्या प्रसिद्ध घड्याळाचं नाव दिलं, एचएमटी. आज देशभरातल्या घरांत तो तांदूळ शिजतो. दादाजी 2018 साली गेले, गरिबीतच गेले, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. भाताच्या ताटावर बसलेल्या प्रत्येकानं हे नाव लक्षात ठेवावं. पण पानग्यासाठी आमच्या घरी जाड धानाचं पोतं आजही वेगळं असतं.

आता कृती. दोन वाट्या तांदळाचं जरा भरड पीठ, एक वाटी आदल्या रात्रीचा शिळा भात, चवीपुरतं मीठ. भात हातानं कुस्करून पिठात मिसळायचा, कोमट पाणी थोडं थोडं घालून मऊ गोळा करायचा. शिळ्या भातानं पानगा आतून ओलसर राहतो, नुसत्या पिठाचा दगड होतो. पळसाची पानं पुसून घ्यायची, कोवळी नकोत, ती लगेच जळतात. गुळगुळीत बाजूवर करंगळीच्या जाडीचा पानगा थापायचा, दुसरं पान झाकून कडा दाबायच्या. गोवऱ्या पेटून धूर गेला आणि राख पांढरी झाली की निखारे पसरायचे, पानगा ठेवायचा, वरून पुन्हा निखारे. आजी घड्याळ बघत नसे. वरचं पान काळं पडून त्याची शीर तेवढी उठून दिसू लागली की ती चिमट्यानं पानगा उलटायची आणि कान जवळ नेऊन ऐकायची. आतून चर्र आवाज येत असेल तर पाणी आहे, अजून ठेवायचा. आवाज थांबला की झाला. जळकं पान सोलून काढलं की भाकरीवर पानाच्या शिरांची नक्षी उमटलेली असते, आणि वास धुराचा नसतो, पानाचा असतो. सोबत भाजलेल्या भेदरांची, म्हणजे टोमॅटोची, चटणी, त्यात लसूण, हिरवी मिरची, भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर. शहरात गोवऱ्या नसतील तर जाड तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर दोन्ही बाजूंनी भाजा, किंवा ओव्हनमध्ये 200 अंशांवर अर्धा तास ठेवा. पळस नसेल तर केळीचं पान चालतं, पण तो पानाचा वास त्याला येत नाही.

भात नसलेल्या वर्षांच्या गोष्टी आजीनं तिच्या सासूकडून ऐकल्या होत्या. 1896-97 चा दुष्काळ, आणि लोक त्यातून उठतात न उठतात तोच 1899-1900 चा. तळी आटली, ढोल्या रिकाम्या झाल्या. त्या दिवसांत माणसं जंगलानं जगवली. कंद, तरोट्याची भाजी, तेंदू, चारोळीची चारं, आणि सगळ्यांत मोठा आधार मोहाचा. सासूबाईंचं बोलणं आजी त्यांच्याच तोंडच्या शब्दांत सांगायची, "मोहा होता म्हनून घरात दिवा लागला." हे शब्दशः खरं होतं. फुलं पोटाला आणि टोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल दिव्याला.

मोहाचं फूल रात्रभर गळत राहतं. चैत्रात पहाटे टोपली घेऊन झाडाखाली जायचं आणि ऊन चढायच्या आत वेचून यायचं. अंगणात वाळवलं की पिवळट फूल तांबूस, मनुकेसारखं होतं. ते चोळून आतले केसर झाडून टाकावे लागतात, नाहीतर घशाला खवखवतं. मग ते रात्रभर भिजवून वाटायचं आणि ज्वारीच्या किंवा गव्हाच्या पिठात मळायचं. वेगळा गूळ लागत नाही. ही मोहाची भाकर मंद आचेवरच भाजावी, साखर असल्यामुळे पटकन करपते. किंवा वाळली फुलं कोरडी भाजून तीळ-जवसाबरोबर उखळात कुटायची आणि लाडू वळायचे. घरी आलेल्या पाहुण्या बायकांना, बाळंतिणीला, रोवण्याहून चिंब होऊन आलेल्या माणसाला आजी हेच लाडू द्यायची.

मोह म्हटलं की लोकांना दारूच आठवते. दारूनं इथली घरं उद्ध्वस्त केली, हे खोटं नाही. गडचिरोलीच्या बायका त्याविरुद्ध उभ्या राहिल्या म्हणूनच 1993 साली जिल्ह्यात दारूबंदी आली. पण याच बायकांच्या घरात शिंक्यावर वाळलेल्या मोहाची मडकी होती, आणि त्यांना त्यात काही विसंगती वाटली नाही. मोह आधी अन्न आहे, हे त्यांना ठाऊक होतं.

लाखोरीचंही, म्हणजे लाखेच्या डाळीचंही, असंच: नाव बदनाम, पण आधी अन्न. धान उभं असतानाच ओल्या बांधीत ती शिंपडायची. धान कापलं की मागे हिरवा गालिचा. कोवळे शेंडे खुडून भाजी, पिकल्यावर डाळ, लग्नात त्या डाळीचे वडे. जिथे महिनोन्महिने ताटात लाखोरीशिवाय काहीच नसे तिथे माणसांचे पाय लुळे पडले. 1961 साली तिच्या विक्रीवर बंदी आली. नागपूरच्या डॉ. शांतिलाल कोठारींनी त्या बंदीविरुद्ध वर्षानुवर्षं लढा दिला, उपोषणं केली, तेव्हा कुठे महाराष्ट्रात ती उठली. आजी डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्यायची, मग नव्या पाण्यात शिजवायची. त्यातलं अपायकारक द्रव्य पाण्यात विरघळतं, हे शास्त्रज्ञांनी नंतर सांगितलं. आजीला तिच्या आईनं सांगितलं होतं. तरीही लाखोरी रोज नको, भाताबरोबर, अधूनमधून.

पावसाळ्यात वास्ते. बांबूचा कोवळा कोंब, वरची साल काढून बारीक चिरायचा, दोनदा उकळून पाणी टाकायचं म्हणजे कडूपणा जातो, मग चण्याच्या डाळीबरोबर परतायचा. लहानपणी वास्ते पदराखाली झाकून आणलेले मी पाहिले आहेत. रानरक्षक दिसला तर काय, ही भीती. बांबू कागदाच्या कारखान्याला मिळे, झाडाखाली राहणाऱ्यांना मिळत नसे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावानं हे उलटवलं. गावातलेच देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीनं गावानं सगळे निर्णय एकमतानं घ्यायची रीत लावली, 2009 साली वनहक्क कायद्याखाली सुमारे 1800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला, आणि 2011 साली आपला बांबू आपण विकण्याचा परवानाही. पदराखालची भाजी कायद्यानं उजेडात आली.

हे सगळं आजीनं चुलीपाशी सांगितलं. पीठ मळता मळता तिला राजा आठवायचा, डाळ धुताना दुष्काळ. ती शिकलेली नव्हती, त्यामुळे तिची एकही कृती तिच्या हातची लिहिलेली नाही. वर दिलेली मापं मी तिच्या ओंजळीवरून वाटीत मोजून घेतली आहेत.

येत्या उन्हाळ्यात गडचिरोलीकडे आलात तर आठवडी बाजारातून वाळला मोह घेऊन जा आणि एकदा घरी भाकर करून बघा. आणि तुमच्या घरात जी म्हातारी माणसं आहेत, त्यांच्या कृती याच वर्षी लिहून घ्या. प्रत्येक कृतीखाली ती जिच्याकडून आली त्या बाईचं पूर्ण नाव आणि गाव लिहा.