गावचा प्रश्न सभागृहात

मंडळी, आपल्या देशाच्या कायदेमंडळात सरकारला विचारला गेलेला पहिला प्रश्न कशाबद्दल होता, असे कुणी विचारले तर आपण काय उत्तर द्याल? स्वराज्याबद्दल? लष्कराच्या खर्चाबद्दल? तसे काही नव्हते. तो प्रश्न खेड्यातल्या दुकानदारांबद्दल होता.

साल होते १८९३. त्या काळी साहेब दौऱ्यावर निघाला म्हणजे एकटा निघत नसे. तंबू, घोडी, बैलगाड्या, कारकून, शिपाई, खानसामा असा सारा लवाजमा बरोबर असायचा. गावाबाहेरच्या आमराईत मुक्काम पडला की गावच्या वाण्याकडे मागणी यायची. पीठ, तूप, दूध, कोंबड्या, सरपण, वैरण, सगळे हवे आणि आत्ताच्या आत्ता हवे. पैसे किती मिळतील आणि केव्हा मिळतील, याचा नेम नसे. या रसदीपायी गावोगावच्या दुकानदारांना जो जाच होतो, त्याबद्दल व्हाइसरॉयच्या कौन्सिलात भिंग्याच्या राजेसाहेबांनी प्रश्न विचारला. भिंगा हे अवधातले संस्थान. यातली गंमत अशी की हे राजेसाहेब काही लोकांनी निवडून दिलेले नव्हते, सरकारने नेमलेले होते. इतकेच नव्हे, तर लोकशाही हिंदुस्थानला मानवणारी नाही, अशा मताची पुस्तिका त्यांनी १८८८ साली लिहिली होती! पण वाण्याचे गाऱ्हाणे सरकारच्या दप्तरात प्रश्न म्हणून नोंदले गेले ते त्यांच्याच तोंडून. इतिहास असा कुठल्या दाराने आत येईल, सांगता येत नाही.

आता हा प्रश्न १८९३ सालीच का आला, आधी का आला नाही? १८५३ च्या कायद्याने कौन्सिलाला थोडे स्वतंत्र रूप आले होते. त्यातले सभासद कारभाराची विचारपूस करू लागले, तेव्हा विलायतेतल्या वरिष्ठांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग १८६१ च्या नव्या कायद्याने त्यांचे तोंड बंद केले. कौन्सिलाने कायद्याच्या मसुद्यापुरते बोलावे, बाकी चौकशी करू नये, असे ठरले. पुढे तीस वर्षे हिंदी माणसाला सरकारला विचारायचे असेल तर अर्ज हा एकच मार्ग उरला.

या अर्जाच्या कामात आपला महाराष्ट्र पुढे होता. १८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा निघाली. गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणत, आणि पाठोपाठ न्यायमूर्ती रानडे, यांनी दख्खनच्या शेतकऱ्याची स्थिती काय आहे याची माहिती गोळा करून ती सरकारपुढे मांडली. १८९६ चा दुष्काळ पडला तेव्हा तर सभेने नामी काम केले. सरकारचाच एक दुष्काळी नियमांचा ग्रंथ होता, फॅमिन कोड नावाचा. पीक बुडाले तर काय सवलत, काम कुठे काढायचे, मजुरी किती, हे सारे त्यात लिहिलेले. पण ते इंग्रजीत, आणि तेही कचेरीच्या कपाटात! टिळक आणि त्यांचे सहकारी यांनी त्यातल्या तरतुदी मराठीत छापून खेड्यापाड्यांतून पोहोचवल्या. शेतकऱ्याला आपला हक्क कळला आणि तो मामलेदाराला विचारू लागला. सरकारला हे फार झोंबले, आणि १८९७ साली सभेची मान्यताच काढून घेतली गेली. म्हणजे पाहा, सरकारचाच नियम सरकारला वाचून दाखवणे हा केवढा गुन्हा ठरला!

१८९२ च्या कायद्याने कौन्सिलात प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली, पण ती बेड्या घालूनच. सहा दिवस आधी लेखी सूचना द्यायची. प्रश्नात फक्त माहिती मागायची, वाद घालायचा नाही. अध्यक्षांच्या मनात आले तर प्रश्न नाकारायचा. आणि सरकारने जे उत्तर दिले त्यावर चर्चा नाही. उत्तर ऐकायचे आणि खाली बसायचे. तरीही मुंबईच्या कौन्सिलात फिरोजशहा मेहता, टिळक, गोखले यांच्यासारखी माणसे गेली. मताला तिथे किती किंमत होती, हे १९०१ साली जमीन महसुलाच्या दुरुस्तीच्या वेळी दिसलेच. शेतकऱ्याच्या जमिनीवरील हक्कावर गदा आणणारे ते बिल सरकारी सभासदांच्या बहुमतावर रेटले जात होते. तेव्हा मेहता आणि गोखले यांच्यासह काही सभासद उठून सभागृहाबाहेर निघून गेले.

बेड्या हळूहळू सैल झाल्या. १९०९ च्या सुधारणेने, ज्याने मूळ प्रश्न विचारला त्याला पुरवणी प्रश्न, म्हणजेच उपप्रश्न विचारण्याची परवानगी मिळाली. १९२१ पासून नवी कायदेमंडळे आली. मध्यवर्ती असेंब्लीत बैठकीचा पहिला तास प्रश्नांना राखून ठेवला गेला, आणि उपप्रश्न विचारण्याचा हक्क कोणाही सभासदाला मिळाला. ज्या प्रश्नाचे उत्तर तोंडी हवे त्यावर तारेची खूण करायची, ही पद्धतही त्याच सुमाराची. आज आपण वर्तमानपत्रात ‘तारांकित प्रश्न’ म्हणून वाचतो तो हाच. ज्याचे उत्तर लेखी चालते तो अतारांकित.

हा उपप्रश्न म्हणजे काही किरकोळ बाब नव्हे. माझ्या मते सगळी ताकद तिथेच आहे. मूळ प्रश्न आधी दिलेला असतो. त्याचे उत्तर कचेरीतला माणूस चार कागद चाळून, शब्द मोजूनमापून लिहून देतो. मंत्री ते वाचतात. उपप्रश्न मात्र आयत्या वेळी येतो. तिथे कारकुनाने लिहिलेला कागद कामी येत नाही. विषय माहीत आहे की नाही, हे उघडे पडते. लोकसभेत १९५७ साली आयुर्विमा महामंडळाचा पैसा मुंदडा यांच्या कंपन्यांत कसा गुंतवला गेला, याची विचारणा झाली. पहिले उत्तर मोघम होते. पण सभासदांनी पिच्छा सोडला नाही. फिरोज गांधींनी तर कागदपत्रांनिशी प्रकरण मांडले. न्यायमूर्ती छगला यांची चौकशी बसली आणि १९५८ साली अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. साध्यासुध्या माणसांनी भरलेल्या विम्याच्या हप्त्यांचा हा पैसा होता. उलट बाजू पाहायची तर २०२० सालचे पावसाळी अधिवेशन पाहा. साथीच्या कारणाने संसदेत प्रश्नोत्तराचा तास झालाच नाही. लेखी उत्तरे छापून मिळाली, पण उपप्रश्न गेला.

आता थोडे पाण्याबद्दल. मुंबईच्या कायदेकौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादुर सी. के. बोले यांनी एक ठराव मांडला. सरकारी पैशाने बांधलेली किंवा चालवलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, दवाखाने, कचेऱ्या अस्पृश्य मानलेल्या समाजाला खुल्या असाव्यात, असा. ठराव संमत झाला. सरकारने आपल्या खात्यांना तसे कळवले. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले असल्याचा ठराव १९२४ साली केला. कागद सगळे चोख होते. पण तळ्याचे पाणी? ते कोणी प्यायला धजेना. स्पृश्य म्हणवणारे पिऊ देत ना. बोल्यांनी मग १९२६ साली पुन्हा ठराव आणला, की ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे हे पाळत नाहीत त्यांचे अनुदान बंद करावे. आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्यानंतर त्यांच्या माणसांवर हल्ले झाले, खटला चालला, आणि उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल यायला १९३७ साल उजाडले. सभागृहातला ठराव आणि न्यायालयाचा निकाल यांत जवळजवळ चौदा वर्षे गेली. सभागृहात शब्द मिळाला म्हणजे काम झाले, असे मानणाऱ्याने महाडचा हा हिशेब डोळ्यांपुढे ठेवावा. अर्थात तो शब्द आधीच मिळालेला होता, म्हणून महाडला हक्काची भाषा बोलता आली, हेही तितकेच खरे.

स्वातंत्र्यानंतर लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले गणेश वासुदेव मावळंकर. मराठी घराणे, पण अहमदाबादला स्थायिक झालेले. त्याआधी ते मुंबईच्या असेंब्लीचेही अध्यक्ष होते. ‘माहिती घेऊ’, ‘विचार करू’, ‘लवकरच करू’ असे मंत्री सभागृहात म्हणतात आणि नंतर विसरतात, हे त्यांनी पाहिले होते. म्हणून १९५३ साली त्यांच्या कारकिर्दीत आश्वासन समिती नेमण्यात आली. मंत्र्यांनी दिलेला शब्द टिपून ठेवायचा आणि तो पाळला की नाही याचा पाठपुरावा करायचा, हे तिचे काम. लोकसभेत अशा आश्वासनाला तीन महिन्यांची मुदत असते. आपल्या विधिमंडळातही अशी समिती आहे. तिचे नाव फारसे ऐकू येत नाही, पण मला स्वतःला ती गाजणाऱ्या भाषणांपेक्षा मोलाची वाटते.

प्रश्नाला किंमत आहे म्हटल्यावर तो विकत घेणारेही निघणारच. १९५१ साली हंगामी संसदेतले मुंबईचे सभासद मुद्गल यांनी सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन प्रश्न विचारल्याचे चौकशीत निघाले. सभागृहाने त्यांना काढून टाकण्याजोगे ठरवले. त्यांनी त्याआधीच राजीनामा दिला होता. २००५ सालच्या डिसेंबरात तर प्रश्नासाठी पैसे घेतल्यावरून अकरा खासदारांना एकदमच घरी पाठवण्यात आले.

विधिमंडळातल्या प्रश्नाचा साचा आता पाहू. समजा, एका आमदाराने विचारले : (१) अमुक गावच्या नळपाणी योजनेचे काम तीन वर्षांपासून बंद आहे, हे खरे आहे काय? (२) असल्यास, त्याची कारणे काय आहेत? (३) ते काम केव्हा पूर्ण करण्यात येणार आहे? यावर उत्तर येऊ शकते : (१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही. झाले! गावकरी म्हणतात, ‘अहो, खोटं बोलतात हे!’ पण खोटे कुठे आहे? दोन वर्षांपूर्वी चार मजुरांनी दोन दिवस चर खणला, त्याची नोंद वहीत आहे. मग काम ‘तीन वर्षांपासून बंद’ कसे? एका ढिल्या शब्दाने प्रश्न वाया गेला. तोच प्रश्न असा विचारा : योजनेला मंजुरी कोणत्या तारखेस मिळाली, आजवर खर्च किती झाला, टाकीत पाणी पहिल्यांदा कोणत्या तारखेस चढवले? इथे ‘खरे नाही’ म्हणायला जागा राहत नाही. ‘हे अंशतः खरे आहे’ हे आणखी एक उत्तर असते. ते आले की समजावे, नेम जवळपास लागला आहे. कुठला अंश खरा, हा उपप्रश्न लगेच तयार ठेवावा.

अशा तारखा आणि असे आकडे मुंबई-नागपुरात सापडत नाहीत. ते गावातच असतात. शिक्षक बंधुभगिनींनो, आपण सेवानियमांनी बांधलेले आहात, आपण आमदारांच्या मागे फिरावे असे मी सुचवत नाही. पण शाळेच्या खोलीचे छप्पर कोणत्या पावसात गळू लागले, टँकर कोणत्या दिवशी आला आणि कोणत्या दिवशी आला नाही, पूल वाहून गेल्यामुळे नदीपलीकडची मुले किती दिवस गैरहजर होती, हे आपल्या हजेरीपटावर आणि टाचणवहीत असते. गावकरी अर्ज लिहून घ्यायला आपल्याकडे येतात. त्या अर्जात ‘फार दिवसांपासून हाल होत आहेत’ असे न लिहिता दिवस मोजून लिहिले, तर पुढे त्याचा प्रश्न होऊ शकतो. विधान परिषदेत शिक्षक मतदारसंघातून निवडून आलेले सात सभासद असतात. माध्यमिक आणि त्यावरच्या शाळा-महाविद्यालयांतले शिक्षक त्यांना मत देतात. प्राथमिक शिक्षकांना तिथे मत नाही, आणि खेड्यात बहुतेक तेच असतात, ही जरा विचित्रच गोष्ट म्हणायची.

राहता राहिली एक व्यवहाराची गोष्ट, प्रश्न कोणत्या दारी न्यायचा ही. पोस्ट, रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग हे दिल्लीचे विषय. तिथे खासदार विचारतील. एस.टी., कालव्याचे पाणी, महसूल, पोलीस, सरकारी रुग्णालय हे राज्याचे. त्यांची विचारणा विधानसभेत किंवा विधान परिषदेत होते. प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्र, गावचा जोडरस्ता हे १९६२ सालच्या १ मे पासून जिल्हा परिषदांकडे आले. त्यांच्या सभेतही सभासदांना प्रश्न विचारता येतात. आणि गटार, दिवाबत्ती, गावातली पाण्याची टाकी यांसाठी एवढे लांब जायचे कारण नाही. ग्रामसभेत सरपंचांना विचारायला सहा दिवसांची सूचना लागत नाही, आणि उत्तरावर चर्चाही करता येते.